केळीचे पैसे, पुण्यातला फ्लॅट आणि दोन लाखांची रेघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले शेतकरी, साडेसात एकर केळी. मुलगा ३१ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, वाकडला फ्लॅट घेतोय. बँक कर्ज देते आहे, पण स्वतःचे म्हणून जे भरायचे त्यातले ११ लाख वडील देणार आहेत आणि ते बहुतेक सगळे घरात रोख आहेत. मुलाने विचारलंय, "मला यावर टॅक्स बसेल का? आणि रोज १ लाख ९० हजार असे सहा दिवस घेतले तर नियमात बसेल ना?"

भाऊ, पहिल्याचं उत्तर: एक रुपयाही टॅक्स नाही. दुसऱ्याचं उत्तर: नाही बसणार, आणि हा सहा दिवसांचा उपाय ज्याने सांगितला त्याला पुन्हा विचारायला जाऊ नका. जळगावात मी अठ्ठावीस वर्षं करसल्ल्याचं काम करतोय. बापाने पोराला दिले हे ज्यांना नीट दाखवता आलं, त्यांच्यावर कर बसलेला मी पाहिला नाही. ज्यांना दाखवता आलं नाही, त्यांचे हाल मात्र पाहिलेत.

आधी कर का नाही ते सांगतो. १९५८ च्या दानकर कायद्याप्रमाणे दान देणाऱ्याला कर भरावा लागायचा. तो कर १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद झाला. मग पाच-सहा वर्षं मोकळं रान होतं, आणि ओळखपाळख नसलेली माणसं एकमेकांना 'प्रेमापोटी' लाखो रुपये देऊ लागली. त्यावर सरकारने १ सप्टेंबर २००४ पासून कर घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला. तेव्हा मर्यादा २५,००० ची होती, २००६ पासून ती ५०,००० झाली. नात्याबाहेरच्या सगळ्यांकडून मिळून वर्षभरात ५०,००० च्या वर आले की सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते, फक्त वरची नाही. ६०,००० आले तर १०,००० वर नव्हे, ६०,००० वर कर.

नातेवाइकाकडून आलेल्या पैशाला मात्र ही मर्यादाच नाही. आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ, बहीण, नवरा, बायको, काका, मामा, आत्या, मावशी, सासू-सासरे, मेहुणे हे सगळे कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहेत. मुलगा सज्ञान आहे, कमावता आहे, वेगळा राहतो, याने काही फरक पडत नाही. ११ लाख असोत की ५१ लाख. देणाऱ्या वडिलांनाही कर नाही. दिल्याबद्दल त्यांना वजावट मिळत नाही, इतकंच.

कलमांबद्दल एक सांगून ठेवतो. मी पुढे जे आकडे देणार आहे ते १९६१ च्या आयकर कायद्यातले, कारण वकील, बँकवाले, आयकर कार्यालयातले कारकून, सगळ्यांच्या तोंडी अजून तेच आहेत. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण आई-वडिलांनी मुलांना दिलेल्या पैशाबाबतचा गाभा तोच आहे.

आता रोखीकडे येऊ, कारण गुंता सगळा तिथेच आहे.

२०१७ च्या एप्रिलपासून कलम २६९एसटी आलं. ते म्हणतं, कोणीही २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायची नाही. आणि ही रेघ तीन बाजूंनी ओढली आहे. एका माणसाकडून एका दिवसात मिळून, एका व्यवहारापोटी, आणि एका माणसाकडून एकाच प्रसंगाशी किंवा घटनेशी निगडित व्यवहारांपोटी. लोक पहिली बाजू वाचतात आणि थांबतात. तुमचे १ लाख ९० हजार रुपये 'एका दिवसात' या चाळणीतून निघून जातील, पण पुढच्या दोन चाळण्यांत अडकतील. वडिलांनी ठरवलं की पोराला फ्लॅटसाठी ११ लाख द्यायचे, तर ते एक देणं झालं आणि प्रसंगही एकच. त्याचे सहा तुकडे केले म्हणून सहा व्यवहार होत नाहीत. उलट, सलग सहा दिवसांच्या सारख्या आकड्यांनी तुम्ही स्वतःच लिहून देता की आम्हाला नियम माहीत होता.

मोडला तर दंड किती? घेतले तेवढाच. कलम २७१डीए. ११ लाख घेतले तर ११ लाख दंड. आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला आहे. म्हणजे वडील निवांत आणि नोटीस पुण्याच्या पत्त्यावर. या कलमात नातेवाइकांना सूट दिलेली नाही, हे लक्षात ठेवा. 'पुरेसं आणि योग्य कारण' दाखवलं तर दंड माफ होऊ शकतो, अशी सोय आहे. पण 'बाबांकडे रोखच होते' हे कारण मी तरी घेऊन जाणार नाही. बँक यावल-फैजपूरला पण आहे, असं समोरचा म्हणेल.

पारोळ्याकडचे एक नाना मागे माझ्याकडे आले होते. पोराला धुळ्यात दुकान टाकायला त्यांनी साडेपाच लाख पिशवीत घालून दिले होते आणि पोराने ते त्याच दिवशी आपल्या खात्यात भरले होते. मी दंडाचं सांगितलं तर नाना म्हणाले, "मन्हा पैसा, मन्हा पोऱ्या, मंग सरकारनं काय जास?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, कराच्या हिशेबाने सरकारचं काहीच जात नव्हतं. कायदा तिथे कर मागत नाहीच, तो फक्त म्हणतो की मोठी रक्कम बँकेतून जाऊ द्या. नानांना हे पटलं नाही, मलाही सगळं पटतं असं नाही, पण नियम आहे.

मग करायचं काय? अगदी सरळ आहे. रोख रक्कम वडिलांनी वडिलांच्याच खात्यात भरायची. तुमच्या नाही. तिथून आरटीजीएस किंवा चेकने तुमच्या खात्यात. स्वतःच्या पैशाचा स्वतःच्या बँक खात्यात भरणा करायला दोन लाखांची रेघ लागू नाही, कारण बँकेला या कलमातून वगळलं आहे.

इथे बहुतेक जण घाबरतात. "दहा लाखांच्या वर रोख भरले की इन्कमटॅक्सला कळतं म्हणे." कळतं. बचत खात्यात आर्थिक वर्षात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख जमा झाली की बँक ती माहिती पॅनसकट कळवते आणि ती वडिलांच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या वार्षिक माहिती विवरणात, दिसते. दिसू द्या. माहिती जाणं म्हणजे कर बसणं नव्हे. फार तर विचारणा येईल की हे कुठून आले, आणि शेतकऱ्याकडे त्याचं उत्तर असतं. उत्तर असताना लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. रोज ४९,००० भरणं, चार भावकीतल्या लोकांच्या खात्यात थोडे थोडे टाकणं, हे प्रकार बघून बँकेचा साधा कॅशियरसुद्धा ओळखतो. आणि ज्या चुलतभावाच्या खात्यातून दीड लाख तुमच्याकडे येतील ते कागदोपत्री चुलतभावाने दिलेले होतात. चुलतभाऊ कायद्याच्या व्याख्येत नातेवाईकच नाही. म्हणजे जिथे शून्य कर होता तिथे तुम्ही हाताने कर ओढवून घेतला.

आणखी एक, खास आपल्याकडचं. पैसे पतसंस्थेत भरू नका. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. सहकारी बँकेला जी सूट आहे ती तिला नाही. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख ठेव घेतली तर तिलाच कलम २६९एसएसचा त्रास होतो, आणि चौकशी फिरून तुमच्या घरी येते. मला माहीत आहे, पतसंस्था बुडाल्यानंतर इकडे कितीतरी लोकांनी कानाला खडा लावला आणि रोख घरातच ठेवायला लागले. तुमच्या वडिलांकडे ११ लाख रोख असण्याचं कारण कदाचित हेच असेल. त्यांना दोष देऊ नका. पण आता बाहेर काढायचे तर बँकेतूनच.

पैसे कुठून आले हा आता मुख्य मुद्दा. अधिकारी तीन गोष्टी बघतो: देणारा कोण, त्याची तेवढी ऐपत आहे का, आणि व्यवहार खरा आहे का. वडील म्हटल्यावर पहिली गोष्ट मिटली. बँकेतून गेले की तिसरी जवळपास मिटली. राहते ती ऐपत, आणि ती कागदावर दाखवावी लागते.

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते शेतीचंच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आपली, हे कोणी लक्षात घेत नाही. केळीवाल्यांचं एका अर्थी बरं आहे, कारण हिशेब बाहेरच्या माणसालाही मांडता येतो. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण १,७०० झाडं बसतात. मर (मेलेली झाडं) धरून, घड सरासरी १८ ते २० किलोचा धरला तरी एकरी ३०० क्विंटलच्या आसपास माल होतो. समजा साडेसातपैकी पाच एकरच त्या वर्षी कटाईला आले आणि भाव फक्त १,००० रुपये क्विंटल मिळाला, तरी १५ लाखांची पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेला विक्रीचा हिशेब, होते. त्यातून रोपं, ठिबक, खतं, मजुरी वजा करा. दोन-तीन हंगामांत ११ लाख शिल्लक राहणं अशक्य नाही, हे कोणालाही पटेल. ज्या वर्षी भाव ४०० वर आला किंवा वादळाने बाग आडवी झाली, त्या वर्षाचं मात्र नाव सांगू नका. अधिकारी जळगावातच राहतो, त्यालाही वादळ आठवतं.

यासाठी लागतं काय? सातबारा, त्यावरची पीकपाहणी, आणि व्यापाऱ्याच्या पट्ट्या. पीकपाहणीत केळी लागलेली नसेल, तलाठ्याने सवयीने 'कापूस' ठेवला असेल, तर पट्टी खरी असूनही भांडत बसावं लागतं. आता ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची असते, ती करा. पट्टी बऱ्याचदा पातळ कागदावर पेन्सिलने लिहिलेली असते, त्यावर नाव 'अप्पा' किंवा 'पाटील यावल' एवढंच. ती चालते, पण सोबत व्यापाऱ्याच्या वहीतला खातेउतारा असेल तर बरं. खतांच्या पावत्या, ठिबकच्या अनुदानाचं पत्र, पीक कर्जाचं खातं, हे सगळं पूरक आहे. खर्च दिसला की उत्पन्नावर विश्वास बसतो.

ऐपत दाखवता आली नाही तर काय होतं ते एका प्रकरणावरून सांगतो. २०१८-१९ सालातली गोष्ट. तरुण दुकानदार, स्वतःच्या खात्यात ८ लाख रोख भरलेले. म्हणणं, वडिलांनी दिले. वडिलांची तीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि थोडी ज्वारी. चौकशी लागली तोवर वडील वारले होते. पट्टी एक नाही, वडिलांच्या खात्यात कधी लाखभरही नव्हते. पैसे खरोखर वडिलांचे असतीलही. जुनी माणसं बोलत नाहीत. पण ती रक्कम स्पष्टीकरण नसलेली म्हणून धरली गेली. तेव्हाच्या कलम ११५बीबीईप्रमाणे ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर. मिळून ७८ टक्के. ८ लाखांवर ६ लाख २४ हजार. व्याज वेगळं. अपिलात काही भाग सुटला, पण तोवर दुकानाचं भांडवल गेलं. त्याने ते पैसे वडिलांच्या हयातीत वडिलांच्या खात्यातून फिरवून घेतले असते तर निदान बोलायला जागा राहिली असती.

काही जण सुचवतात, दान कशाला, उसने म्हणून लिहा. घरात उसनवार असतेच. पण रोख उसनवारीची रेघ तर २०,००० वरच आहे, कलम २६९एसएस, आणि दंड परत तेवढाच. दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी कोणालाच करपात्र उत्पन्न नसेल, तर या कलमातून सूट आहे. म्हणून गावातल्या गावात शेतकरी शेतकऱ्याला ५०,००० रोख उसने देतो ते चालून जातं. तुम्हाला पगार आहे. तुमच्यासाठी ती सूट नाही. शिवाय गृहकर्ज देणारी बँक 'वडिलांकडून कर्ज' असं वाचलं की तुमच्या हप्त्याच्या ऐपतीतून ते वजा धरते. परत द्यायचे नसतील तर दान म्हणा, द्यायचे असतील तर बँकेतून घ्या आणि उसनेच म्हणा. दोन्हीमध्ये पाय ठेवू नका.

बिल्डर 'थोडे रोख द्या' म्हणाला तर? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेणं हे त्याच २६९एसएस कलमाखाली येतं. दंड बिल्डरला होईल, पण ते पैसे तुमच्या खरेदीखतात दिसणार नाहीत, उद्या फ्लॅट विकताना खर्चात धरता येणार नाहीत, आणि वडिलांच्या घामाचे पैसे काळे होऊन बसतील. त्यासाठी वडिलांचे रोख थेट बिल्डरच्या हवाली करायचा विचार असेल तर सोडून द्या.

आता कागद. चल वस्तूचं, म्हणजे पैशाचं, दान ताबा दिल्याने पुरं होतं. नोंदणी लागते ती जमीन-घराच्या बक्षीसपत्राला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२३ तेच सांगतं. त्यामुळे ११ लाख खात्यात आले की दान झालं. त्यानंतर दान दिल्याचं एक साधं घोषणापत्र करून ठेवा. त्यात वडिलांचं नाव, पॅन, तुमचं नाव, पॅन, नातं, तारीख, रक्कम, आरटीजीएसचा क्रमांक, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, पैसे शेतीच्या उत्पन्नातले आहेत हे एक वाक्य, आणि हे पैसे परत मागणार नाही हे एक वाक्य. खाली वडिलांची सही आणि तुम्ही स्वीकारल्याची तुमची सही. स्वीकार देणाऱ्याच्या हयातीत व्हावा लागतो, म्हणून तुमची सही विसरू नका. काही लोक हे ५०० च्या स्टँपवर करतात (२०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत १०० चा चालायचा). मी सहसा 'अमुक तारखेला दिले होते' असा भूतकाळातला मजकूर लिहून घेतो. 'या लेखाने देत आहे' असं लिहिलं की तेच दानपत्र होतं आणि मुद्रांक शुल्काचा प्रश्न उगाच निर्माण होतो.

घोषणापत्रावर बहिणीची साक्षीदार म्हणून सही घ्या, असं मी जवळपास प्रत्येकाला सांगतो. आयकराला तिची गरज नाही. पण जमीन वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे, आणि त्या जमिनीच्या पैशातून भावाचा फ्लॅट झाला हे तिला दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळणं बरं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती माहेरी आली की दोन घास जास्त जेवते आणि सही करते. नंतर करत नाही. हा सल्ला माझ्या फीत मोजलेला नाही.

वडिलांनी मुलीला दिले तरी नियम हेच. जावयाला थेट दिले तरी चालतं. सासरा व्याख्येत बसतो. सुनेच्या बाबतीत मात्र एक खोच आहे. सुनेला दिलेल्या पैशावर दानाचा कर नाही, पण त्या पैशावर जे व्याज किंवा भाडं येईल ते सासऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं, कलम ६४. बायकोच्या बाबतीतही तसंच. सज्ञान मुलगा, मुलगी, जावई यांना दिलेल्या पैशावरचं उत्पन्न त्यांचं त्यांचं. म्हणून फ्लॅट जोडीच्या नावावर होणार असेल तरी वडिलांचे ११ लाख तुमच्याच खात्यात येऊ द्या, सुनेच्या नको. वडिलांना फक्त शेतीचं उत्पन्न असेल तर जोडून येणाऱ्या थोड्या रकमेने काही बिघडत नाही, पण त्यांचं गावात कृषी केंद्र किंवा आडत असेल तर नक्की फरक पडतो.

मामाही काही देणार असतील तर घ्या, बँकेतून. मामा भाच्याला देतो तेव्हा तो आईचा भाऊ म्हणून नातेवाईक असतो. उलट भाच्याने मामाला दिले तर भाचा मामाचा 'नातेवाईक' होत नाही, आणि ५०,००० च्या वर गेलं की मामाला कर! कायदा लिहिणाऱ्याच्या घरी मामा नसावा. काका-पुतण्याचंही तेच.

तुमची आई वेगळी देणारी धरता येते का, असंही पुष्कळ जण विचारतात. येते, जर तिच्या नावावर सातबारा असेल, किंवा तिचा स्वतःचा दुधाचा, शिलाईचा पैसा असेल. वडिलांचेच पैसे आईच्या नावाने दाखवायचे असतील तर त्याची गरजच नाही, कारण वडिलांना मर्यादा नाही. एकत्र कुटुंबाच्या, म्हणजे एचयूएफच्या, खात्यातून देऊ नका एवढंच. एचयूएफकडून सदस्याला मिळालेलं दान करमुक्त की नाही यावर न्यायाधिकरणांनी दोन्ही बाजूंनी निकाल दिलेत. सरळ रस्ता असताना त्या वाटेला कशाला जायचं.

लग्नातल्या आहेराबद्दल: ज्याचं लग्न आहे त्याला मिळालेल्या भेटींवर कर नाही, देणारा कोणीही असो. पण ती सूट नवरा-नवरीची आहे, यजमान वडिलांच्या नावाने आलेल्या पाकिटांना नाही. दोन लाख रोखीची रेघ तिथेही आहेच.

आणि ज्यांच्या वडिलांकडे जमिनीचे पैसे आलेत त्यांच्यासाठी. धुळे-जळगावच्या महामार्गाच्या चौपदरीकरणात बऱ्याच जणांना मोबदला मिळाला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मिळालेल्या मोबदल्यावर आयकर नाही, आणि तो बँकेतूनच येत असल्याने मुलाला देताना सगळ्यात सोपा. निवाड्याची प्रत जपा. विकलेली जमीन शहराजवळची असेल तर मात्र आधी भांडवली नफा बघावा लागतो. जळगाव-धुळ्यासारख्या शहरांच्या हद्दीपासून ६ किलोमीटरच्या आतली शेतजमीन आयकरासाठी साधी शेतजमीन राहत नाही. वडिलांनी तो कर न भरता पैसे पोराला दिले तर पोराला कर नाही, पण वडिलांना नोटीस येणारच.

तुमच्या विवरणपत्राचं. वडिलांकडून आलेली रक्कम उत्पन्नच नाही, त्यामुळे ती दाखवली नाही तर गुन्हा होत नाही. तरी मी सूट असलेल्या उत्पन्नाच्या तक्त्यात 'वडिलांकडून दान' म्हणून दाखवतो. माझे काही समव्यवसायी मित्र म्हणतात, उगाच लक्ष कशाला वेधायचं. पण तुमच्या फ्लॅटसारख्या मोठ्या खरेदीची खबर निबंधक कार्यालयाकडून जातेच; पगार एवढा, फ्लॅट एवढ्याचा, मधले कुठून आले हे संगणक विचारणारच. आधी सांगितलेलं नंतर सांगितलेल्यापेक्षा लवकर पटतं.

वडिलांनी आजवर विवरणपत्र भरलं नसेल तर फक्त शेतीच्या उत्पन्नासाठी ते सक्तीचं नाही. पण वडिलांकडे पॅन नसेल तर तो आधी काढा. एवढी मोठी रोख भरताना बँक मागतेच.

सगळ्यात आधी आज संध्याकाळी वडिलांना फोन करून विचारा की गेल्या तीन वर्षांच्या पट्ट्या कुठे आहेत. बहुतेक घरी त्या देवघराच्या फळीवर एखाद्या पोथीत दाबलेल्या असतात, नाहीतर पंपाच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशवीत. पेन्सिलीचं लिहिलेलं पुसट व्हायच्या आत मोबाइलवर फोटो काढून घ्या, आणि ज्या व्यापाऱ्याने माल नेला त्याच्याकडून तेवढ्या वर्षांचा खातेउतारा शिक्क्यासह मागा. तो हातात आला की मगच वडिलांना बँकेत पाठवा.